ओल्या खळ्यावरचे चतुर

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोने मिळून खळं झाकलं. भात कापायला आलं होतं. मी खळं चोपून दिलं, तिने शेणाने सारवलं. मग दोन्ही कडांना बांबू टाकले आणि वर माडाची लांब चुडतं, म्हणजे झावळ्या. एका कडेला मी, समोरच्या कडेला ती. दोघांनी टोकं धरायची आणि अलगद टेकवायची, म्हणजे ओल्यात पाय पडत नाही.

मी झाकायचो कोंबड्यांसाठी. ती झाकायची चतुरांसाठी. ओलं खळं उन्हात चकाकतं, चतुरांना ते पाणी वाटतं. नर मादीची मान शेपटीने धरून तिला फिरवतो आणि ती खाली शेपूट आपटत अंडी घालते. पाण्यात घातली तर त्यातून काळे किडे निघतात, डासांची पिल्लं खाऊन वाढतात, एका पहाटे भाताच्या काडीवर चढतात, पाठ फाडून उडून जातात. मागे काडीला चिकटलेली पोकळ कात. शेणात घातली तर काही नाही. किडा उडतो एवढा झोकात, अक्कल शून्य. मला चतुर कधी आवडले नाहीत.

एक जोडी तेव्हाही घिरट्या घालत होती.

"बघा ओ, तुमच्यासारखोच," ती म्हणाली. "मान सोडूक तयार नाय."

"सोडली तर पडात ती."

"पडात खंय, सुटात!" आणि हसली. मग म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत काढू नकात हां. अंडी सुकान जातत त्यांची."

त्याच दुपारी जेवली, भिंतीला टेकून बसली, ती बसल्या जागीच गेली.

लोक आले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर चुडतं ओढून मागच्या परड्यात फेकली आणि तिला तिनेच सारवलेल्या खळ्यावर ठेवलं. मी नको म्हणालो. कोण ऐकतो? सगळ्या गावाचे पाय त्यात उमटले. रडत होते आणि तुडवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांद्याहून आलेल्या मेव्हणीने खळं परत सारवलं आणि उघडंच ठेवलं. ऊन आलं, चतुर आले, आपटायला लागले शेपट्या.

शेजारीण पायरीवर बसून म्हणते, "काका, तो लाल बघा, दोरीक लटकलो हा. तीच इली तुमका बघूक."

"लाल तो नर," मी म्हटलं. "मादी पिवळी असता. माझी बायल बाईमाणूस होती. उठ, घरी जा."

गेली तोंड वाकडं करून.

मी परड्यातून चुडतं ओढून आणायला लागलो.

मेव्हणी ओरडली, "भावोजी, लोक येतले ते बसतले खंय? घरात सुतक आणि तुमका किड्यांची पडली!"

"कालचे बसले तेवढे पुरे. दुपारपर्यंत कोण खळ्यात पाय ठेवूचो नाय."

जरा वेळाने तीच मऊ आवाजात म्हणाली, "त्या बाजूक मी धरू?"

"नको."

चुडताचा बुंधा कडेला रोवला, चुडत उभं केलं आणि सोडलं. पलीकडच्या बांबूवर धाडकन पडलं. चतुर उडाले. मग दुसरं उभं केलं. असं एकट्याला जमतं. लग्नाआधी मी असंच झाकायचो.