चटईवर चालण्याची अठरा मिनिटं

मस्कतच्या त्या माणसाने फोनचा कॅमेरा खाली वळवला आणि म्हणाला, "भाईसाब, ये एक ही कंपनी का माल है ना?"

स्क्रीनवर एक मोठं अंगण होतं, कडक ऊन होतं, आणि अंगणभर आमच्या चटया अंथरलेल्या होत्या. मरून रंगाच्या. निम्म्या मरून, निम्म्या जरा विटकरीकडे झुकलेल्या. शेजारी शेजारी ठेवल्यामुळे पट्टे पडल्यासारखं दिसत होतं. हा माणूस केरळचा. मस्कतमध्ये लग्नांचे आणि कार्यक्रमांचे मांडव उभे करणाऱ्या कंपनीची खरेदी बघायचा. त्याचं हिंदी आमच्याइतकंच मोडकं, पण म्हणणं स्पष्ट होतं. एका मांडवात दोन रंगांच्या चटया चालत नाहीत. आठ दिवसांत कारण आणि उपाय लेखी द्या, नाहीतर पुढची ऑर्डर चीनच्या कंपनीला जाईल.

निखिलभाऊ, म्हणजे आमचे मालक, माझ्याकडे वळले. "अनिलभाऊ, लॅबने पास केलं होतं ना सगळं?"

"केलं होतं," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया होतात हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, त्याची बारीक नळी ओढायची, ती लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, विणायची. आम्ही नळीला स्ट्रॉ म्हणतो. आमचा दाणा बराचसा जुन्या प्लास्टिकपासून बनलेला. तो कधी पिवळट येतो, कधी राखाडी. त्यात रंगाचा दाणा किती टाकायचा हे प्रत्येक लॉटला बदलतं. हे काम मिक्सर खात्याचं, आणि मिक्सर खातं म्हणजे सुपडू आबा.

आबा पारोळ्याकडचे. निखिलभाऊंच्या वडिलांनी पहिली मशीन बसवली तेव्हापासूनचे. रंगांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. दवाखान्याचा हिरवा, नवरदेवाचा लाल, मास्तरच्या शर्टाचा निळा. आपल्या गल्फच्या बायरचा मरून म्हणजे त्यांच्या भाषेत 'पान खाल्लेला लाल'. कागदावर काहीच नाही, सगळं डोक्यात.

निखिलभाऊ शिकून आले, कारखाना हातात घेतला, तेव्हा चीनचा माल गल्फमध्ये जोरात होता. चिनी चटई आमच्याइतकीच टिकायची, पण दर वेळी रंग तोच यायचा आणि सोबत कागद यायचे. निखिलभाऊंनी पुण्याहून एक कन्सल्टंट मॅडम आणल्या. मॅडम हुशार होत्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मिक्सर खात्यावर बोट ठेवलं. "एका माणसाच्या डोक्यावर तुमचा एक्सपोर्ट उभा आहे. उद्या तो आजारी पडला तर?" रंग मोजणारं मशीन घ्यायचं, आबांची पद्धत लिहून काढायची, म्हणजे एसओपी करायची, असं ठरलं. एसओपी म्हणजे कोणतंही काम कोणीही तसंच करू शकेल अशी पायरीपायरीने लिहिलेली कृती.

लिहायचं काम माझ्याकडे आलं. आबांचा माझ्यावर जीव होता म्हणून.

पुढची गोष्ट मी इतकी वर्षं एका माणसाशिवाय कोणाला सांगितली नाही, घरीसुद्धा नाही. मॅडमच्या फाइलमध्ये शेवटच्या पानावर एक तक्ता होता. एसओपी पूर्ण झाल्यावर कोणती पदं लागणार नाहीत त्याचा. त्यात पहिलंच पद आबांचं होतं. मी ते पान वाचून मग आबांकडे गेलो.

तीन आठवडे मी त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसलो. सकाळी गेलो की ते म्हणायचे, "या अनिलभाऊ, बठा. आज कोणता रंग चोरतस?" आणि स्वतःच हसायचे. दुपारी डबा अर्धा माझा. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी भरीत. माझा डबा उघडला की बघून म्हणायचे, "वहिनीले सांगा, पोळी चांगली शे, पन तिखट काय दवाखानामाईन लयनात का?" शिकवायची त्यांना हौस होती. आयुष्यभर कोणी विचारलं नव्हतं, आता एक मॅनेजर वही घेऊन बसला होता. दाणा मुठीत घेऊन दाबून दाखवायचे, उजेडात धरायचे, चूक झाली तर माझ्याकडून परत करून घ्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "अनिलभाऊ, एक इचारू? मन्ही नोकरीले काही धोका शे का?"

"नाही हो आबा. तुमचं ज्ञान कंपनीत टिकावं म्हणून चाललंय."

"मंग लिखा. मी बठ्ठं सांगस."

आणि त्यांनी सगळं सांगितलं.

एसओपीसोबत टाइम स्टडीही करायचा असतो. घड्याळ लावून प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते लिहायचं, आणि ज्यातून मालात काही भर पडत नाही ती कामं काढून टाकायची. आबा रोज अकराच्या सुमाराला आदल्या दिवशीची एक चटई आणि आजची एक चटई उचलून गेटबाहेर न्यायचे. उन्हात जोडून अंथरायचे. चपला काढायचे आणि त्या दोन चटयांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे. वॉचमनशी बोलायचे, बिडी ओढायचे. मीही फिरायचो त्यांच्याबरोबर, गप्पा मारत. मला वाटलं म्हातारा पाय मोकळे करतो. मी लिहिलं, 'चटई बाहेर नेणे व त्यावर चालणे, अठरा मिनिटे, अनावश्यक.' मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली.

मशीन आलं, त्यासाठी छोटी लॅब झाली. आबांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. भाषण मी केलं. चांगलं झालं म्हणे. आबा धुळ्याला मुलीकडे गेले आणि तिथल्या एमआयडीसीत एका दोरीच्या कारखान्यात रंग मिसळायला लागले. जाताना माझा हात धरून म्हणाले, "तुम्हना काही दोष नही." तोवर त्यांना फाइलमधल्या त्या शेवटच्या पानाचं माहीत नव्हतं.

चार महिन्यांनी मस्कतचा तो फोन आला.

मीटिंगमध्ये लॅबचे सगळे रिपोर्ट मांडले. प्रत्येक लॉट पास. मशीनचं चुकलं नव्हतं, एसओपी पाळली गेली होती. निखिलभाऊ म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्याने काहीतरी हातचं राखलं. आपल्याला पूर्ण सांगितलंच नाही."

मी काही बोललो नाही.

"तो दोरीवाला माझ्या ओळखीचा आहे," ते पुढे म्हणाले. "त्याला सावध करून ठेवतो. उद्या त्याचंही असंच व्हायचं."

तेव्हाही मी बोललो नाही. मग बायरला पाठवायचा रिपोर्ट माझ्यासमोर आला. अशा रिपोर्टमध्ये 'मूळ कारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'पूर्वीच्या कामगाराने प्रक्रियेची अपूर्ण माहिती दिली.' खाली सही करायच्या आधी निखिलभाऊ म्हणाले, "पाठवायच्या आधी धुळ्याला जाऊन या. काय राखलंय ते गोडीत काढून घ्या. तुमचं ऐकतो तो." प्लांट हेडची जागा तेव्हा रिकामी होती आणि माझं नाव जवळपास ठरलेलं होतं, हेही सांगून टाकतो.

मी धुळ्याला गेलो. कारखान्याच्या गेटवर निरोप पाठवला. आबा बाहेर आले, मला बघून खूश झाले. "जेवण व्हयनं का?" हा पहिला प्रश्न. समोरच्या टपरीवर बसलो. चहा त्यांनीच सांगितला.

"कसं चाललंय आबा?"

"काय सांगू. सोमवारपाईन मिक्सरले हात लावू देत नही. पॅकिंगमा बसाडं. काय व्हयनं माहीत नही. मालक नीट बोलत नही." मग म्हणाले, "पोरीले नही सांगं अजून."

मला माहीत होतं काय झालंय. मी चहा प्यायलो आणि मरून रंगाचा विषय काढला. फोटो दाखवले. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हाई तं व्हनारच व्हतं. तुम्ही बाहेर निऊन देखतस का नही?"

"काय?"

"चटई. उन्हमा. कालनी आनि आजनी शेजारी टाकीसन. तुम्ही तं रोज मन्हासंगे चालेत."

वाचकांना हे असं सांगता येईल. दुकानात ट्यूबलाइटखाली साडीला मॅचिंग म्हणून घेतलेला ब्लाऊजपीस बाहेर उन्हात वेगळाच दिसतो. तसंच हे, लॅबच्या उजेडात जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसायचा. शिवाय मशीन प्रत्येक लॉट एकेकटा मोजायचं आणि थोडा इकडेतिकडे असला तरी पास करायचं. एक लॉट थोडा इकडे, दुसरा थोडा तिकडे. दोन्ही पास, पण शेजारी ठेवले की फरक दुप्पट. आबा उभे राहून, चालून, दोन्ही टोकांकडून उजेड बदलून तो फरक बघायचे आणि परत येऊन मूठभर रंग कमीजास्त करायचे. त्यांनी काहीही राखलं नव्हतं. रोज माझ्या डोळ्यांसमोर केलं होतं. ते मीच खोडलं होतं.

मला हवं ते मिळालं होतं. उठून गाडीत बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. का बसून राहिलो ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी पोरीला सांगितलं नाही असं म्हटलं, ते डोक्यातून जाईना.

मी सगळं सांगितलं. शेवटचं पान, मी बोललेलं खोटं, लाल रेघ, मीटिंगमधला माझा गप्पपणा, दोरीवाल्याला गेलेला फोन, आणि बॅगेतला रिपोर्ट. रिपोर्ट काढून समोर ठेवला.

आबांनी तो वाचला नाही. टपरीवाला कप उचलून गेला. मग आबा म्हणाले, "कितला मिनिटं लिखेल शेत?"

"अठरा."

"वीस लागतस."

हसले नाहीत. मीही हसलो नाही.

"अनिलभाऊ, नोकरी गई तं गई. वय व्हयनं. पन मी दपाडं आसं लोकेसनी म्हनू नये. तितलं करा." लपवलं असं कोणी म्हणू नये, एवढंच त्यांचं मागणं. आणि कामावर परत गेले. पॅकिंगला.

दुसऱ्या दिवशी मी निखिलभाऊंच्या केबिनमध्ये गेलो. मूळ कारणाचा रकाना बदलला होता. 'आवश्यक तपासणी अनिल यांनी अनावश्यक समजून प्रक्रियेतून काढली.' खाली माझी सही.

त्यांनी दोनदा वाचलं. "असं बायरला पाठवायचं?"

"हो. आणि धुळ्याला फोन तुम्ही आत्ता करा. मी इथे बसतो."

"तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

"घाबरलो होतो."

त्यांनी फोन केला. स्वच्छ शब्दांत केला, तेवढं श्रेय त्यांना देतो. आबा त्याच आठवड्यात मिक्सरवर गेले. मस्कतचा बायर निम्मी ऑर्डर चीनला देऊन मोकळा झाला, निम्मी आमच्याकडे ठेवली आणि पुढचे दोन लॉट उन्हातल्या फोटोसह मागवले. प्लांट हेड दुसऱ्या गावाहून आला. चांगला माणूस आहे.

निखिलभाऊंनी आबांना परत बोलावलं, पगार वाढवून. आबा एक दिवस आले, आमच्या मिक्सर खात्यातल्या दोन पोरींना रंग बघायला शिकवलं, मशीनचंही कौतुक केलं आणि संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. राहायला नाही म्हणाले. मला 'अनिलभाऊ' म्हणाले नाहीत, 'साहेब' म्हणाले. त्यानंतर तसंच म्हणतात. दोन-तीन महिन्यांनी मी धुळ्याला चक्कर मारतो, चहा अजून तेच सांगतात.

बदल करू नये असं माझं म्हणणं नाही. मॅडमचं बरोबर होतं, एका माणसाच्या डोक्यावर कारखाना चालवता येत नाही. मशीन अजून आहे आणि उपयोगाचं आहे. मी अजूनही प्रक्रिया लिहितो, तेच माझं काम. फरक इतकाच, की आता वही उघडायच्या आधी समोरच्याला सांगतो, हे लिहून झाल्यावर तुझ्या कामाचं काय होणार आहे. त्यामुळे लोक कमी सांगतात आणि फायली पातळ होतात. गेल्या वर्षी एका फिटरने ऐकून घेतलं आणि मग एक शब्दही सांगितला नाही. मी त्या पानावर 'माहिती मिळाली नाही' एवढंच लिहून सही केली.