मेलेल्या डॉक्टरची तारीख

टाइमकीपर कॉमिक वाचताना नाकाला रुमाल लावायचे. आधी मला वाटलं, वासामुळे. हरमलच्या किनाऱ्यावर आमच्या भाड्याच्या खोल्यांत परदेशी पाहुणे जी कॉमिकं टाकून जात, त्यांना बुरशी, खोबरेल आणि ओल्या टॉवेलांचा मिळून एक दर्प असायचा. पण नवंकोरं कॉमिकही ते तसंच वाचत. रुमाल वर जायचा तो नेमका त्या पानावर, जिथे लिहिणाऱ्याने काळाचा घोळ घातलेला असायचा. कुजलेल्या बांगड्यांचं पुडकं उघडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "शी," ते म्हणायचे, "घाण करून ठेवलीय."

ते डिचोलीचे. खाणीच्या टाइम ऑफिसात त्यांनी उभा जन्म कामगारांची हजेरी लिहिली. खाण बंद पडली, नोकरी गेली, टाइमकीपर हे नाव तेवढं राहिलं. 'तळ तेरा' ही चंद्रावरच्या एका वसाहतीची परदेशी चित्रपटमालिका. दोन चित्रपटांच्या मधल्या काळात काय घडलं, ते तिची कॉमिकं सांगत. कोणता अंक कोणत्याच्या आधी घडतो यावर भांडायला आम्ही दहाबारा जण दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामागच्या हॉटेलात जमायचो. बाकीचे फोन घेऊन येत, टाइमकीपर डिचोलीच्या बसमधून एक जाड रजिस्टर घेऊन उतरत. त्यात वसाहतीतल्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान होतं: कधी आला, कुठल्या अंकात कुठे होता, कधी मेला.

सगळ्यात मोठं भांडण डॉक्टरचं. नवव्या अंकात वसाहतीतला डॉक्टर हवा संपून मरतो. सतराव्या अंकात, त्या मरणानंतर तीन वर्षांनी, तोच डॉक्टर एका बाईचं बाळंतपण करतो. आमच्यातले निम्मे म्हणत, ही जुनी आठवण असणार. उरलेले म्हणत, हे समांतर विश्व. टाइमकीपरांना समांतर विश्वाची सगळ्यात जास्त किळस. "चूक झाली म्हणायची लाज वाटली की माणूस दुसरं विश्व काढतो," ते म्हणाले. "आमच्या खाणीवर एक मुकादम होता. मेलेल्या माणसाची हजेरी लावायचा. त्याचंही समांतर विश्वच होतं."

मी हसलो. ते हसले नाहीत. "अरे, तो मेलेला माणूस माझ्या शेजारचा होता," एवढंच म्हणाले आणि उंडा पावाचा तुकडा चहात बुडवला.

आमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हापशाचाच, मोबाईलच्या दुकानाचा मालक. बोलताना भजी चावायचा आणि बोलणं संपेपर्यंत गिळायचा नाही. कॉमिक छापणाऱ्यांनी जाहीर केलं की, चाहत्यांनी केलेला उत्तम कालक्रम नव्या संग्रहाच्या शेवटी छापू. त्यानंतर आठवड्याभरात त्याने मला बाजूला घेतलं. "म्हाताऱ्याच्या रजिस्टराचे फोटो काढून दे. वाचायला हवेत," तो म्हणाला. टाइमकीपर हात धुवायला गेले होते. मी फोटो काढले. वाचायला कोणी असे फोटो मागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला त्याच्या मर्जीत राहायचं होतं. दुसरं कारण नव्हतं.

महिन्याभराने अ‍ॅडमिनच्या नावाने कालक्रम जाहीर झाला. पुराव्यादाखल त्याने रजिस्टराच्या एका पानाचा फोटोही टाकला होता, 'माझी अनेक वर्षांची मेहनत' असं लिहून. ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. रजिस्टर कोणाचं, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी टाइमकीपर आले. आपल्या नावाबद्दल ते बोलतील म्हणून सगळे माना खाली घालून बसले होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि डॉक्टरच्या नावावर बोट ठेवलं.

"हा नवव्या अंकात मेला. तुम्ही त्याला तीन वर्षं उशिरा का मारलात?"

"छापणाऱ्यांना चूक दिसायला नको होती," अ‍ॅडमिन भजी चावत म्हणाला. "आता सगळं जुळतं."

"नाव तुमचं घाला, माझी हरकत नाही. पण मी जे लिहिलं नाही त्याला पुरावा म्हणून माझं पान?" मग ते आमच्याकडे वळले. "आणि पानं कोणी दिली?"

माझ्या पुढ्यात भाजीची बशी होती, तेलाचा थर गोठत चाललेला. मी तो बघत राहिलो. टाइमकीपरांनी रजिस्टर पिशवीत घातलं, स्वतःच्या चहाचा कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेले. दार लोटल्यावर कोणीतरी म्हणालं, "फारच मनाला लावून घेतलं." मी त्या दिवशी शेवटपर्यंत तिथेच बसलो.

ते ग्रुपमधून गेले, पण मला अधूनमधून फोन करत. हरमलला पाहुणे किती, आईचे गुडघे कसे, असलं काहीतरी विचारत. मग बोलणं संपलं तरी फोन ठेवत नसत. मीच "बरं तर" म्हणायचो.

गेल्या पावसाळ्यात ते वारले. ग्रुपवर अ‍ॅडमिनने त्यांचा फोटो टाकला, 'आमचे आधारस्तंभ'. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. अर्ध्या तासात, त्याच रांगेखाली, नव्या अंकावरचं भांडण सुरू झालं आणि पुरावा म्हणून कोणीतरी तो खोटा कालक्रम चिकटवला. मी फोन उलटा ठेवला.

बाराव्याला मी डिचोलीला गेलो. त्यांच्या पत्नीने मला ओळखलं. गर्दी कमी झाल्यावर मी तिच्यापाशी बसलो आणि म्हणालो, "काकी, ते फोटो मी दिले होते."

"तांकां खबर आसली," ती म्हणाली. "ठाऊक होतं त्यांना. फोटोच्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय, फाटक्या नखाचा. त्याच दिवशी दाखवलं मला."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"मीही तेच विचारलं. दर वेळी फोन लावताना म्हणायचे, आज तो सांगेल."