सहा तारखेचं कार्ड

शाळेत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मुलं त्यांना तारीखकाका म्हणत. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, ‘तारीखराव’ म्हणत आणि वर हसत. घरी बायकोचा पारा चढला की ‘तुमचं ते कॅलेंडर’ असा उद्धार होई. हुद्द्याने ते शाळेचे कारकून. प्रवेशाचं रजिस्टर, दाखले, पत्रव्यवहार आणि एकोणतीस किल्ल्या एवढा त्यांचा संसार. रजिस्टरात आजवर एकही खाडाखोड नाही, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत.

फाटकाजवळचा फळा मात्र त्यांच्या कामात बसत नव्हता. तो त्यांनी आपणहून गळ्यात घेतला होता. बावीस वर्षांपूर्वी तो नुसताच टांगलेला असे, आणि रिकामा रकाना दिसला की तारीखकाकांच्या हाताला खाज सुटे. एका सकाळी त्यांनी त्यावर तारीख लिहिली आणि खाली, याच तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी चार मुलं फळ्यापुढे उभी राहून वाचत होती. झालं, माणूस अडकला. मग बुटांच्या खोक्यात कार्डं जमू लागली. दर तारखेला एक, अशी तीनशे सहासष्ट. एकोणतीस फेब्रुवारीचं कार्ड चार वर्षांतून एकदाच हवा खाई, म्हणून ते अजून कोरं करकरीत होतं.

पुढे एक रीत पडली. ज्याचा वाढदिवस असेल त्याने सकाळी सगळ्या शाळेसमोर फळा वाचायचा आणि शेवटी आपल्या हाताने एक ओळ लिहायची: अमुक साली मी जन्मलो. फक्त दुसरीपासून पुढच्यांनी, कारण पहिलीतल्यांना वाचता वाचता जेवणाची सुट्टी होई. ओळी सालाच्या क्रमाने. त्यात तारीखकाका कुणाचं ऐकत नसत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक मुलगी त्यांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. टेबलावर तिचे डोळे आणि वरची रिबीन एवढंच दिसत होतं. तिने एक कागद पुढे सरकवला. पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘माननीय तारीखकाका यांस. विषय: तारीख बदलणे.’

“कुठली तारीख?”

“माझी. जन्माची. सहा ऑगस्ट आहे, ती सात करा. तुमच्याकडे पांढरी शाई आहे ना, खोडायची?”

“आहे. पण ती पाकिटांवरच्या पत्त्यांसाठी. रजिस्टरात ती बाटली कधी उघडलेली नाही. आणि सातच का?”

“सातचं कार्ड मी बघून ठेवलंय. एक माणूस दोन उंच इमारतींच्या मधल्या दोरीवरून चालला. आणि काही लोक लाकडाच्या तराफ्यावरून समुद्र ओलांडून बेटाला लागले. शाळेत सात तारखेचं कोणी नाही. रिकामीच आहे.”

“चौकशी पक्की केलेली दिसते. मग सहाने काय घोडं मारलं?”

मुलगी बराच वेळ टेबलाच्या कडेचं सनमायकाचं निघालेलं टोक खरवडत राहिली. मग म्हणाली, “मला सगळे बाँब म्हणतात.”

तारीखकाकांनी खोकं ओढलं आणि सहा ऑगस्टचं कार्ड काढलं. बाकीच्या कार्डांवर तीन-चार ओळी होत्या. या कार्डावर एकच होती: ‘१९४५. हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकला गेला. हजारो माणसं मेली.’ गेल्या वर्षी ही मुलगी पहिलीत होती. तिच्या वाढदिवशी सगळी शाळा तेवढी एकच ओळ वाचून वर्गात गेली, आणि कुणीतरी दोन गोष्टींची गाठ मारून दिली. मुलांना टोपणनाव चिकटवायला किती वेळ लागतो, हे तारीखकाकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“या वर्षी मला वाचायला लागेल,” ती म्हणाली. “आणि बाँबच्या खाली लगेच माझी ओळ. मी नाही वाचणार. त्या दिवशी माझं पोट दुखणार आहे.”

“आठ दिवस आधीच ठरलं?”

“हो.”

तारीखकाकांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि म्हणाले, “अर्ज विचाराधीन आहे.” तिला शब्द कळला नाही, पण शिक्का पाहून तिचं जरा समाधान झालं.

मोठ्या बाईंकडे गाडं गेलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. “ती ओळ या वर्षी लिहू नका. लहान मुलांना हवंय कशाला ते सगळं? दुसरं काहीतरी गोड लिहा.”

“झालेलं पुसायचं?”

“रजिस्टर नाही ते, तारीखराव. फळा आहे. फळा पुसायलाच असतो.”

उत्तर बिनतोड होतं, म्हणून ते आणखीच बोचलं.

संध्याकाळी घरी ते वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन बायकोच्या. त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

“पण तुम्ही त्या दिवशी एकच ओळ का लिहिता?” बायकोने विचारलं. “बाकी दिवस तर फळा पुरत नाही तुम्हाला.”

“एवढी माणसं गेली त्या दिवशी. त्याच्या शेजारी आणखी काही लिहिणं बरं दिसत नाही. मयताच्या घरात कोणी दुसरं काही बोलतं का?”

“बोलत नाहीत. पण शेजारीण येऊन चहा टाकतेच ना? लहान पोरांना कुणीतरी बाजूला नेऊन दूध-पोळी भरवतंच. टोकं जुळवा, चादर तिरकी होतेय.” मग घडी झाल्यावर ती म्हणाली, “बाँब तुम्ही नाही टाकला हो. पण त्या पोरीला त्याच्याबरोबर खोलीत एकटं कोंडलंत, ते मात्र तुम्हीच.”

उशीच्या अभ्र्यांच्या घड्या तारीखकाकांनी नेहमीपेक्षा जास्तच चौकोनी घातल्या.

पुढचे तीन दिवस मधल्या सुट्टीत ते ग्रंथालयातल्या जाडजूड कोशांत नाक खुपसून बसले. चौथ्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावलं आणि कार्ड तिच्यापुढे ठेवलं. जुनी ओळ तशीच होती. नव्या ओळी तिच्या वर आणि खाली, बारीक अक्षरात दाटीवाटीने बसवल्या होत्या.

“हे बघ. अठराशे एक्याऐंशी. फ्लेमिंग नावाचा मुलगा एका शेतावर जन्मला. मोठा होऊन डॉक्टर झाला. एकदा सुट्टीवर जाताना टेबल आवरलं नाही, परत आला तर एका बशीत बुरशी. बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मेलेले. त्यातून पेनिसिलिन हे औषध मिळालं.”

“बशी धुतली नव्हती?”

“नव्हती,” तारीखकाका नाइलाजाने म्हणाले. “हे तुझ्या आईला सांगू नकोस. पुढे एकोणीसशे सव्वीस. एडर्ली नावाची वीस वर्षांची मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. साडेचौदा तास. तोवर कुठल्याच बाईने ती पार केली नव्हती, आणि तिच्या आधी जे पुरुष पोहले त्या सगळ्यांपेक्षा तिला कमी वेळ लागला. आदल्या वर्षी प्रयत्न फसला होता. या वेळी समुद्र खवळला तेव्हा होडीतले लोक म्हणाले, बाहेर ये. ती म्हणाली, कशाला?”

मुलगी पहिल्यांदा हसली. मग बोट खाली सरकलं आणि जुन्या ओळीवर थांबलं.

“ही राहणारच?”

“राहणार. तारीख म्हणजे स्टेशनवरचं बाकडं. त्यावर चोर बसून गेला, सुईणही बसून गेली. बाकडं तेच. चोर बसला नव्हता असं मला लिहिता येत नाही. पण इतकी वर्षं मी फक्त त्याचंच नाव लिहीत होतो, ही माझी चूक. तुला त्याचा त्रास झाला.”

मोठं माणूस आपली चूक कबूल करतंय, हे तिला इतकं नवीन होतं की ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मग ती ओळ कशी वाचायची?”

“हळू. आणि वाचून झाली की थांब. मनात दहापर्यंत मोज, मग पुढे जा. पुढे एक्याण्णव साल आहे. वर्ल्ड वाइड वेब, म्हणजे तुझा दादा दिवसभर ज्यात बुडालेला असतो ते जाळं, त्याची माहिती त्या दिवशी सगळ्यांसाठी जाहीर झाली. आणि मग तू.”

“आणि पोट दुखलं तर?”

“तर मी वाचेन. पण तुझी ओळ मला लिहिता येणार नाही. अक्षर ओळखतील.”

सहा तारखेला सव्वासातलाच फळा लिहून झाला होता. तारीखकाका फाटकाशी उभे होते आणि किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात चालला होता. मोठ्या बाईंनी फळा पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी आली. नवी रिबीन, जुनीच भीती. रांगेतून कुणीतरी “बाँब” म्हणालंच, आणि दोघं-तिघं फिसकन हसले.

ती वाचू लागली. बशीपाशी मुलं हसली. खाडीपाशी पाचवीतल्या मुली माना उंच करून बघू लागल्या. मग ती ओळ आली. ती तिने हळू वाचली आणि थांबली. हात पाठीमागे होते. तारीखकाकांना तिची बोटं दिसत होती. एकेक बोट मिटत गेलं. दहा झाले.

ती पुढे गेली नाही.

आता आपण वाचावं, म्हणून तारीखकाका एक पाऊल पुढे सरकले, तेवढ्यात तिची बोटं पुन्हा एकेक करून उघडू लागली. पटांगणात हूं की चूं नव्हतं. फिसकणारेही गप्प होते. सगळी बोटं उघडली, आणि तिने एक्याण्णवची ओळ खणखणीत वाचली. मग खडू घेऊन टाचा उंचावून खाली लिहिलं. जागा कमी पडली म्हणून शेवटचा शब्द फळ्याच्या चौकटीवर गेला. तारीखकाकांनी तो तिथेच राहू दिला.

मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली.

“दहा सांगितले होते,” तारीखकाका म्हणाले.

“हजारो माणसं होती ना,” ती म्हणाली. “दहा कमी वाटले.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“माझा अर्ज?”

“त्यावर आवक क्रमांक पडलाय. असाच परत देता येत नाही. खाली लिही, अर्ज मागे घेत आहे.”

तिने लिहिलं. लिहिता लिहिता बातमीही दिली: एक मुलगा अजून बाँबच म्हणतो, पण पाचवीतल्या दोघी तिला आता खाडी म्हणतात.

“खाडी चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती परत वळली. “मग सात तारीख कोणाला देणार?”

“राखून ठेवतो. येईल कोणीतरी.”

ती गेल्यावर तारीखकाकांनी खोकं पुढे ओढलं आणि एक जानेवारीपासून कार्डं चाळायला घेतली. एकाच ओळीची कार्डं ते बाजूला काढत होते. घंटा होईपर्यंत मार्च संपला होता आणि बाजूच्या ढिगात चार कार्डं जमली होती.