जावईबापूंची गाडी

माझ्या नवऱ्याला सायकलची उतरलेली चेन चढवता येत नाही. हे मी चिडून सांगत नाहीये, ही वस्तुस्थिती आहे. इथे नेदरलँड्समध्ये, आमच्या फेल्डहोवनला, शाळकरी पोरं स्वतःची चेन स्वतः चढवतात. हा मात्र सायकल कडेला टेकवून मला फोन लावतो. माणूस चांगला आहे. भाजी माझ्यापेक्षा छान करतो, भांडताना आवाज चढवत नाही. पण पाना कुठल्या बाजूने धरतात हे त्याला आजतागायत ठाऊक नाही. आणि गेल्या सप्टेंबरात आमच्या घरच्या ग्रुपवर, म्हणजे काका, मामा, आत्या, दादा, वहिनी असे चाळीसेक जण आहेत त्या ग्रुपवर, माझ्या गॅरेजमधल्या गाडीचा फोटो आला. खाली माझ्या वडिलांनी लिहिलं होतं: ‘जावईबापूंनी घरच्या घरी बनवत आणलेली अमेरिकन गाडी.’

बाबांना पुण्याहून आमच्याकडे येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. मी ऑफिसात जेवायला बसले होते. वाचलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली की घास तोंडातच राहिला. काकांनी लगेच लिहिलं, ‘जावई हिरा मिळाला.’ दादाने लिहिलं, ‘भावजी, मानलं तुम्हाला.’ आणि आमच्या भावजींनी काय करावं? हात जोडल्याचं चित्र टाकलं! आयत्या बिळावर नागोबा. मी तिथूनच फोन केला तर म्हणतो, “अगं, बाबा कौतुकाने लिहितायत. चारचौघांत त्यांना खोटं कसं पाडू?” म्हणजे मला पाडलेलं चालतं.

ती गाडी मी वाखनिंगनच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या शेडमधून आणली. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, वयाने माझ्यापेक्षा मोठी. मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. खालचा पत्रा इतका सडलेला की आत बसलं तर पाय जमिनीला टेकावेत. ऑफिसात, कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या यंत्रांपाशी, मी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असते, धुळीचा एक कण उडाला तरी यंत्र कुरकुरतं. घरी येऊन ग्रीसमध्ये हात घातल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. वेल्डिंग मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकले. पत्रा कापला, नवा जोडला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, जुना तीन गिअरचा डबा काढून पाच गिअरचा टाकला, इंजिन नट न् नट खोलून परत बांधलं. तीन वर्षं गेली त्यात. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तो आता जायचा नाही. नवऱ्याने या तीन वर्षांत गॅरेजमध्ये चहा आणून दिला. चहाबद्दल मी त्याची आभारी आहे.

बाबा पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते. रविवारी आमच्या अंगणात गोणपाट अंथरून ते स्कूटर खोलायचे आणि शेजारी मी बसायची. ते मान वर न करता तळहात पुढे करायचे, “दहा-अकरा.” मी पाना ठेवायची. “बारा-तेरा.” ठेवायची. आठ वर्षांची असताना मला सगळे पाने वजनावरून ओळखता यायचे. अंधाऱ्या कोपऱ्यात काम असलं की बॅटरी धरायची. जरा हात हलला की ओरडा बसायचा, “उजेड माझ्या हातावर नको, स्क्रूवर पाड!” स्वतःला कधी एक नट पिळायला मिळाला नाही, पण मला वाटायचं, मिळेल. मग दादा दहा वर्षांचा झाला आणि एका रविवारी बाबा म्हणाले, “तू आता आत जा, आईला मदत कर.” माझ्या जागेवर दादा बसला. दादाने पहिल्याच दिवशी दोन नट मोरीत घालवले. मी आत कणीक मळत खिडकीतून इंजिन ऐकत राहायची. कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवला की आवाज सरळ होतो हे मला आतून कळायचं, आणि दादा बाहेर जांभया देत असायचा. ते मी विसरलेली नाही. विसरायचंही नाहीये मला.

म्हणून बाबा येणार म्हटल्यावर मी गाडीचं सांगून ठेवलं नव्हतं. म्हटलं, डोळ्यांनी बघू देत. आई गेल्यावर पहिल्यांदाच ते एवढे लांब येत होते. आले, गॅरेजमध्ये उभे राहिले, पत्र्याच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “जावईबापूंनी केलं?” मी म्हटलं, “मी केलं.” ते “हं” म्हणाले. त्या “हं”नंतर चार दिवसांनी तो फोटो!

बरं, गैरसमज म्हणावा तर तोही नाही. शेजारचे डच आजोबा एकदा कुंपणापाशी आले, तेव्हा बाबांनी त्यांनाही आपल्या इंग्रजीत सांगितलं की ही माझ्या जावयाची गाडी. आजोबा खो खो हसले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हिची! त्याच्या सायकलचं पंक्चर मी काढतो.” इथली माणसं भिडेखातर खोटं बोलत नाहीत. बाबा “येस, येस” करत आत आले आणि त्या रात्री जेवताना वाखनिंगनला भात पिकतो का, यावर बोलत बसले. ग्रुपवर मी स्वतः का लिहिलं नाही, असं नंतर एका मैत्रिणीने विचारलं. कारण मला ते बाबांच्या तोंडून हवं होतं. मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. त्यांनी सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस, हत्यारांची पूजा. कारखान्यात बाबांच्या खात्याची पूजा मोठी असायची, पेढे यायचे. बाबा म्हणाले, “गॅरेजात एवढी हत्यारं आहेत, यंदा इथे पूजा करू.” खोटं कशाला बोलू, मी हरखले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबांनी एकेक पाना काढून तेलाच्या फडक्याने पुसला. माझे पाने इंचातले, अमेरिकन गाडीला तेच लागतात. बारा-तेराच्या हिशेबात आयुष्य गेलेला माणूस, तो हातात दोन पाने धरून मला विचारतो, “अगं, अर्धा मोठा की नऊ सोळांश?” मी सांगितलं. त्यांनी सगळे ओळीने, चढत्या मापाने लावले. प्रत्येक मापाला मला विचारत. माझ्या कणकेच्या फळीवर माझी हत्यारं, त्यावर सुपरमार्केटातली पिवळी शेवंती, शेजारी नारळ. पुढे आसन टाकलं. मी ओढणी खोचून बसायला वाकले, आणि बाबा म्हणाले, “जावईबापू, या. बसा.” मग माझ्याकडे वळून, “तू आत नैवेद्याचं बघ. शिरा लागेल खाली.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि बसला. मेल्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही! टॉर्क रेंच कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही, त्याने टॉर्क रेंचला कुंकू लावलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कुठून कुठून जाते हे मला त्या दिवशी कळलं. मी आत गेले. शिऱ्याच्या कढईसमोर हाताची घडी घालून उभी राहिले आणि शिरा मुद्दाम लागू दिला.

ताटावर बाबांनी पहिला घास घेतला. “करपलाय,” म्हणाले.

“हो, करपलाय. ज्याने पूजा केली त्याला सांगा नवा करायला. तो माझ्यापेक्षा चांगला करतो.”

“काय झालं तुला?”

“काय झालं? हत्यारं कोणाची, बाबा? मापं कोणाला विचारत होता सकाळभर?”

नवरा म्हणाला, “अगं, जेवताना नको.” मी म्हटलं, “तू तर बोलूच नकोस. मूग गिळून बसला होतास ना, तसाच बस.”

बाबा थोडा वेळ भाताशी खेळले. मग अगदी शांतपणे बोलले, आणि तो शांतपणाच मला जास्त लागला. “तुझ्या भल्यासाठीच सांगतो मी तसं. चाळिशी आली तुझी. घरात पाळणा हलला नाही. त्यात पोरगी नोकरीवरून येऊन गाडीखाली झोपते म्हटलं की लोक काय बोलतात ते तुला इथे ऐकू येत नाही. मला येतं. जावयाचं नाव सांगितलं की कौतुक होतं, विषय संपतो.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. माझं काम त्यांना लपवायच्या लायकीचं वाटलं होतं. मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. म्हटलं, “लोकांची एवढी काळजी, तर त्यांना हेही सांगा की तुमच्या मुलाला अजून स्कूटरचा प्लग साफ करता येत नाही. तीस वर्षं शेजारी बसवून काय शिकवलंत त्याला? आणि जिला येत होतं तिला कणकेला धाडलंत.”

बाबा ताटावरून उठले. माझे वडील, सणाच्या दिवशी, माझ्या घरात भरल्या ताटावरून उठले. मला वाईट वाटलं का? वाटलं. राग कमी झाला का? मुळीच नाही.

पुढचे दोन आठवडे आम्ही चहा, औषधं आणि हवामान यांपलीकडे बोललो नाही. मी गॅरेजचं आतलं दार लावून काम करायची. दाराच्या काचेत कधीकधी त्यांची माकडटोपी दिसायची आणि नाहीशी व्हायची. दार उघडं ठेवावं असं मला एकदाही वाटलं नाही.

त्यांच्या परतीच्या आदल्या शनिवारी गाडी पहिल्यांदा सुरू करायची होती. शेजारच्या आजोबांना आवाजाची कल्पना देऊन ठेवली होती. ते कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी हजर. नवरा फोन घेऊन व्हिडिओ काढायला उभा. बाबांना मी बोलावलं नव्हतं, पण ते स्वेटर चढवून आले आणि गाडीपासून चार पावलांवर थांबले. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. बाप रे, तो आवाज! गॅरेजचं पत्र्याचं दार थरथरलं, आजोबांनी मग उंचावला. नव्या बांधलेल्या इंजिनाला आधी वीसेक मिनिटं चढ्या आवाजात ठेवावं लागतं. ठेवलं. मग खाली आणलं, तर गाडी धापा टाकायला लागली. दोन बरे ठोके, तिसरा अडखळता.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बॉनेटखाली वाकले. मागून बाबांचा आवाज आला, “उजवीकडचा उपाशी आहे.” मलाही तेच ऐकू आलं होतं. उजव्या स्क्रूतून पेट्रोल कमी येत होतं. पुढच्या क्षणी ते माझ्या बाजूला होते. नजर इंजिनावर, मान खाली, आणि तळहात माझ्यापुढे उघडा. “दे.”

आणि माझा हात गेला हो! तीस वर्षांनी, माझ्या घरात, माझ्या गाडीसमोर माझा हात मला न विचारता स्क्रू-ड्रायव्हर द्यायला निघाला. त्यांच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर मी तो थांबवला. स्वतःचाच इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता. मी हात मागे घेतला, मडगार्डवरची बॅटरी उचलली आणि त्या उघड्या तळहातावर ठेवली.

“धरा,” म्हटलं.

ते बॅटरीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हेही टाकून आत जातील, ताटावरून उठले तसे. त्यांनी बटण दाबलं आणि वाकले. उजेड माझ्या मनगटावर पडला.

“माझ्या हातावर नको,” मी म्हटलं. “स्क्रूवर पाडा.”

उजेड सरकून स्क्रूवर आला. मी पाव फेरा बाहेर घेतला, ऐकलं, आणखी पाव घेतला. “बास,” बाबा म्हणाले, आणि माझी बोटं त्याच वेळी थांबली होती. गाडी सरळ झाली, एकसारखी बोलायला लागली. बाबांनी बॅटरी बंद केली, मडगार्डवर ठेवली. “आवाज चांगला आहे,” एवढं बोलून आत गेले.

दुपारी त्यांनी नवऱ्याकडून तो व्हिडिओ मागून घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. त्यात चेहरे दिसत नव्हते. बॉनेटखाली डाग पडलेलं एक मनगट, आणि त्यावर उजेड धरणारा एक म्हातारा हात. पाच मिनिटांत काकांचं आलं, ‘अभिनंदन जावईबापू!’ आत्याचं आलं. दादाचं आलं, ‘भावजी, तुम्ही ग्रेट आहात!’ मी ओट्यापाशी उभी राहून वाचत होते. बाबा समोर सोफ्यावर चष्मा लावून तेच वाचत होते. ते काय सांगतात याची वाट मी आयुष्यात शेवटची बघतेय, असं मी मनाशी ठरवलं.

शेवटी नवऱ्यालाच लाज वाटली. तो फोन उचलून काहीतरी लिहायला लागला. बाबा म्हणाले, “थांबा जावईबापू. मी लिहितो.”

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. माझा फोन वाजला.

‘जावईबापू व्हिडिओ काढत होते.’

एवढंच. ना माझं नाव, ना ‘मुलगी’ हा शब्द. साधे तीन-चार शब्द जास्त लिहायला काय जात होतं त्यांचं? मला तेव्हाही राग आला होता, आताही येतो. मी तो मेसेज पुन्हा वाचला, पुन्हा वाचला, आणि भांड्यांचा नळ सोडून पाठमोरी उभी राहिले, कारण रडताना मला त्यांना दिसायचं नव्हतं. ग्रुपवर त्यानंतर रात्रीपर्यंत कोणीही काही लिहिलं नाही.