दूध बँकेतली दादी

आम्ही सगळ्या तिला दादी म्हणायचो आणि ती होती जेमतेम तिशी ओलांडलेली. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, हे मला उल्हासनगरच्या त्या इस्पितळात कळलं. नर्सनं "दादीशेजारी बसा" म्हटल्यावर मी खोलीत एखादी म्हातारी बाई शोधत उभी राहिले. कोपऱ्यातली एक उंच, धिप्पाड बाई हसली आणि म्हणाली, "मीच दादी. बस इकडे."

ती खोली आयांनी दूध काढण्याची. पलीकडे आमची दिवसांआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांत असत. माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती. दादीचा मुलगाही तसाच, माझ्या मुलीच्या शेजारच्या पेटीत. दादी आणि तिचा नवरा कॅम्पात, म्हणजे तिथल्या सिंधी वस्तीत, जीन्स शिवायचा छोटा कारखाना चालवत. मशिनींच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज मोठा झाला होता आणि आमच्या खोलीत कुणी कुजबुजलेलं तिला खपत नसे. "रोती रहेगी तो दूध कैसे आएगा? काहीतरी बोल," म्हणायची. समोरची बोललीच नाही, तर स्वतः सुरू व्हायची. कारखान्यातल्या गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल, काहीही. बदलापूरहून रोज येताना मी गाडीत मुलीचं कालचं वजन घोकत यायची. त्या खोलीत ते थोडा वेळ विसरायची.

मला दूध फार कमी यायचं. वाटीच्या तळाशी जेमतेम थर जमे आणि मी ती वाटी ओढणीखाली धरून नर्सकडे नेत असे. दादीला भरपूर दूध होतं. मुलाला पुरून उरलेलं ती इस्पितळाच्या दूध बँकेत द्यायची. तिथे अनेक आयांचं दूध एकत्र करून, तापवून निर्जंतुक करत आणि माझ्या मुलीसारख्यांना नळीनं पाजत. एकदा तिनं माझी ओढणी बाजूला करून वाटीत डोकावलं. मला वाटलं, आता ही काहीतरी गमतीत म्हणणार. ती म्हणाली, "हे सोनं आहे. आधी हे पाज. बाकी आम्ही आहोत ना."

माझ्या सासूबाई बदलापूरजवळच्या खरवई गावच्या, घरी म्हशी असलेल्या. एक दिवस त्या किटलीभर दूध घेऊन आल्या. आमची सगळी पोरं यावरच वाढली, हिलाही चमचाभर द्या, असा त्यांचा हट्ट. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं की अशा बाळाची आतडी कच्ची असतात. त्यात सुरुवातीला कुठले जंतू घर करतात, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आईच्या दुधावर चांगले जंतू पोसले जातात. वाईट माजले, तर आतड्याला सूज येते, ते सडायलाही लागतं, आणि वरच्या दुधानं तो धोका वाढतो. जंतू चांगले असतात हेच सासूबाईंना पटेना. दादी ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "दुकान उघडल्यावर बोहनी चांगल्या गिऱ्हाइकाची व्हायला पाहिजे की नाही? हिच्या पोटाचं दुकान आत्ताच उघडलंय." सासूबाईंना हसू आलं. त्या दिवशी नर्सांचा चहा म्हशीच्या दुधाचा झाला.

पुढच्याच आठवड्यात दादीच्या मुलाचं पोट फुगलं. सकाळी तिला पेटीपाशी बोलावलं, तेव्हा त्याच्या पोटाची कातडी ताणून चकाकत होती, नळीतून हिरवट पाणी येत होतं आणि शीमध्ये रक्त होतं. त्याचं दूध बंद करून सलाईन आणि औषधं सुरू केली. दुपारी कळलं की आतड्याला भोक पडलंय. ऑपरेशनसाठी त्याला मुंबईला नेलं. दादी अँब्युलन्समध्ये चढताना मी जिन्यात उभी होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दार लागलं.

ऑपरेशननंतर तो गेला.

ही बातमी नर्सनं आम्हाला सांगितली. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, त्यानं तर पहिल्यापासून आईचंच दूध घेतलं होतं, मग त्याला कसं झालं? ते म्हणाले की आईच्या दुधानं धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. त्यानंतर मी पेटीपाशी गेले की आधी मुलीचं पोट बघायची, मग चेहरा.

काही दिवसांनी दादी खोलीच्या दारात उभी राहिली. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तिनं वाटी मागितली. न राहवून मी विचारलं, "कशाला आलीस गं?"

"मुलगा गेला हे दुधाला कोण सांगणार?" ती म्हणाली. "येतंच आहे. मोरीत ओतवत नाही."

मग तिचा हात थांबला आणि ती रडू लागली. त्या दिवशी माझ्यासोबत आलेल्या सासूबाई तिच्याजवळ गेल्या, तिचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "रड बाय, रड." त्यानंतरही दूध आटेपर्यंत ती येत राहिली. खोलीत बोलण्याचं काम आता आम्ही करायचो आणि ती ऐकायची. माझ्या मुलीचंही एकदा पोट फुगलं, दूध थांबवावं लागलं, पण ते उतरलं. माझ्या थोड्याशा आणि बँकेच्या दुधावर ती वाढली आणि बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या घरी आली.

गेल्या वर्षी दादीचा फोन आला. कारखाना बंद करून ती दोघं दिराकडे इंदूरला चालली होती. मी मुलीला घेऊन भेटायला गेले. मशिनी टेम्पोत चढत होत्या आणि रिकाम्या कारखान्यात दादीनं मुलीला बसवून गरम कोकी, त्यांची कांदा घातलेली जाड पोळी, खायला घातली. तिच्याकडे बघत मी इतकी वर्षं मनात असलेलं बोलले, "हिच्या पोटात तुझं दूध गेलंय, दादी."

"सबका मिला हुआ था," ती म्हणाली. "कुणाचं कुठे गेलं, काय सांगणार?"

तिनं मुलीला आणखी एक तुकडा वाढला. मग म्हणाली, "त्याच्या पेटीवर माझंच नाव लिहिलेलं असायचं. आमच्यात छठीला, सहाव्या दिवशी, नाव ठेवतात, ती राहिलीच. मी मनात ठरवलं होतं, रोहन. पुढे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

मुलीनं तोंडातला घास गिळून विचारलं, "रोहन कोण?"

"माझा मुलगा. तुझ्या शेजारी झोपायचा."

आता शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. वह्यांना कव्हरं घालताना मुलीनं मला विचारलं की रोहन असता तर कितवीत असता. मी म्हटलं, तुझ्याच इयत्तेत.