चौदा सेकंदांचा हिरवा माणूस

माझे भावोजी अगदी नाकासमोर चालणारे, पण इतक्या जोरात की ते आधी पोचायचे आणि ताई दहा मिनिटांनी. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली, तेव्हा हे कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले आणि ताई एकटीच परत आली. "टाकून गेले का गं तुला?" असं मी विचारलं होतं. तेव्हापासून मी त्यांची नावडती मेहुणी.

नोकरी नगरपालिकेच्या वाहतूक खात्यात, मोजणीदाराची. शहरात नवा सिग्नल बसला की पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, ते भावोजी ठरवायचे. पद्धत सोपी होती. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना हातात स्टॉपवॉच घेऊन ते तीनदा रस्ता ओलांडायचे, सरासरी काढायचे आणि वर दोन सेकंद घालायचे. "म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी," असं मोठ्या उदारपणे सांगायचे. हे अठ्ठावीस वर्षं चाललं. अख्खं शहर भावोजींच्या चालीने रस्ता ओलांडतं, अशी आम्ही घरात थट्टा करायचो. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, पण एकशे चार चौकांत?

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी खात्याने त्यांना सल्लागार म्हणून परत बोलावलं. पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांसाठी शहरभर सुरक्षित वाटांचं जाळं आखायचं होतं. भावोजी हरखून गेले. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. सायकलच्या वाटा निळ्या, चालायच्या हिरव्या. हिरवी रेघ जिथे मोठा रस्ता ओलांडेल तिथे लाल ठिपका, आणि त्याच्या शेजारी जुन्या वहीतून उतरवलेले सेकंद. सोमवारी हा आराखडा मंजुरीला जायचा होता.

त्याआधीच्या गुरुवारी मी ताईला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन निघाले होते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते आणि ती काठी टेकत चालायची. दवाखान्यासमोरच्या सिग्नलवर हिरवा माणूस दिसला तशा आम्ही निघालो. मी तिचा दंड धरला होता. जेमतेम अर्ध्या रस्त्यात पोचलो आणि दिवा लाल झाला. मला वाटलं, आम्हाला बघून थांबतील सगळे. कसले थांबतात! एक मालट्रक करकचून ब्रेक दाबत आला आणि ताईपासून हातभर अंतरावर थांबला. इंजिनाची धग माझ्या गालाला लागली. ताईची काठी हातातून सुटून चाकाखाली गेली होती. ती कडकन मोडली, आणि क्षणभर मला वाटलं, ताईचं हाडच मोडलं. ट्रकवाला वरून ओरडत होता, "मावशी, दिवा दिसत नाही का?" एरवी चार माणसांना गप्प करणारी मी मुकाट्याने ताईला धरून पलीकडे घेऊन गेले.

घरी पोचल्यावर मात्र तोंड सुटलं. "कुठल्या गाढवाने लावलाय तो सिग्नल? माणूस अर्ध्यात असतानाच लाल होतो!"

भावोजी नकाशावर वाकलेले होते. "कुठला?"

"दवाखान्यासमोरचा."

त्यांनी जुनी वही काढली. बोट पानावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. चौदा सेकंद, आणि पुढे त्यांचीच सही. गाढव हा शब्द परत घेता आला असता तर मी घेतला असता. वही हातात धरूनच ते खुर्चीत बसले. पस्तीस वर्षं मी या माणसाला ओळखते, पण त्यांना असं मटकन बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी इमारतीच्या आवारात खडूने दवाखान्यासमोरच्या रस्त्याच्या रुंदीइतक्या, वीस मीटरवर दोन रेघा मारल्या. ताईच्या हातात नवी काठी. ती एका रेघेपासून दुसरीपर्यंत चालली आणि भावोजी घड्याळ धरून शेजारून चालले. एकतीस सेकंद. "घड्याळ बिघडलंय बहुतेक," असं म्हणत त्यांनी तिला पुन्हा चालायला लावलं. तेहतीस. तिसऱ्यांदा ताईच म्हणाली, "अहो, घड्याळ चांगलं आहे. मी अशीच चालते."

ते तसेच कार्यालयात गेले. सोमवारी आराखडा जाणार नाही, सगळे चौक पुन्हा मोजायचे, असं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "गाड्या तुंबतील हो!" भावोजींनी वाद घातला नाही, नकाशांची गुंडाळी काखेत मारली आणि निघाले. निघताना अभिलेख खोलीतून अपघातांच्या नोंदींच्या प्रती मात्र मागून घेतल्या. सिग्नलपाशी अपघात झाला की मोजणीदाराने जाऊन दिवा तपासायचा आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा, असा नियम होता.

संध्याकाळी ते कागद त्यांनी टेबलावर ठेवले. ताईने चष्मा लावून वाचायला सुरुवात केली आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होते. वय एकाहत्तर. वय अडुसष्ट. गरोदर, वय सव्वीस. वय ऐंशी. अशी तेवीस माणसं, आणि सगळ्यांपुढे भावोजींच्या त्या सुबक अक्षरात एकच शेरा: 'सिग्नल योग्य. पादचारी सावकाश चालत होते.' मी खुर्ची ओढून बसले.

ताईने शेवटचं पान उलटं ठेवलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही अजून नोकरीत असतात, आणि काल तो ट्रक थांबला नसता," तिने विचारलं, "तर माझ्या नावापुढेही हेच लिहिलं असतंत?"

"हो," भावोजी म्हणाले. "आणि मला ते पटलंही असतं."