शिशाचं अधिक दोन

लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. मूळची अर्धापूरची. एम.एस्सी. नांदेडला केलं.

शिसं मी नेहमी सावकाश शिकवते. कार्बन, सिलिकॉन बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन बंधात वापरतात. त्याच गटात खाली शिशापर्यंत आलं, की त्यातले दोन केंद्राकडे ओढले जातात आणि सहजी सुटत नाहीत. म्हणून शिशाची अधिक दोन, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन देणारी, अवस्था टिकाऊ. अधिक चारमधलं शिसं दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून दोनवर येतं. थॅलियम, बिस्मथ यांचंही असंच, वरच्यांपेक्षा दोननं कमी. हे ऐकून निलंग्याची एक मुलगी म्हणाली होती, "म्हणजे वरच्यांचा नियम खालच्यांना लावायचा न्हाई." मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या चाचणीत नेमका हाच प्रश्न आला: शिशाची टिकाऊ अवस्था कोणती? छापील उत्तरसूचीत अधिक चार बरोबर धरलं होतं. त्या मुलीनं अधिक दोन निवडलं होतं. तेवढ्या गुणांनी ती हुशार मुलांच्या पहिल्या बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये गेली.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुमचं बरोबर असेल, मॅडम. पण याद्या लागल्यात. एक उत्तर बदललं तर पालक सगळेच पेपर काढायला लावतील."

"बरं," एवढंच मी म्हणाले.

दोन दिवसांनी तिचे वडील सकाळच्या एसटीनं आले. मुलगी मागे उभी होती.

"पोरगी धड जेवंना, मॅडम. म्हनती, तुम्हीच असं शिकवलंय. तिचं बरोबर हाय का?"

संचालक शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "उत्तरसूचीत अधिक चार आहे."

वडील तिच्याकडे वळले. "बघ. मॅडमबी तेच म्हनायल्यात."

मुलगी दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही. पुढच्या वर्षीच्या उत्तरसूचीत अधिक दोन छापून आलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी ती मला लातूरच्या बसस्टँडवर भेटली. बी.ए. करत होती. मी विचारलं, "सायन्स का सोडलंस गं?"

तिनं उलट विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, मॅडम?"

"हो."

तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि निलंग्याच्या गाडीत चढली. मला तीनच्या बॅचला पोचायचं होतं. मी रिक्षा केली.